बातम्या बघून आपल्याला नेमकं काय मिळतं?

शिरोळ तालुक्यात माझा मामा राहतो. नरसोबाच्या वाडीला कृष्णा आणि पंचगंगा जिथे मिळतात, तिथून त्याचं घर फार लांब नाही. जुलै संपत आला की त्याच्या घरी टीव्ही दिवसभर चालू असतो, पण आवाज बंद. पडद्यावर चार चौकोनांत चार माणसं हातवारे करून भांडत असतात, खाली लाल पट्टी पळत असते, आणि मामा तिकडे पाठ करून मोबाईलवर एकच आकडा शोधत असतो. कोल्हापूरजवळचा, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, पाणी किती फूट किती इंच? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. मग राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, कोयनेतून किती क्युसेक सोडलं, सांगलीत आयर्विन पुलाशी पातळी काय, अलमट्टी धरणातून पुढे किती जातंय. या पाच-सहा आकड्यांवरून तो ठरवतो की म्हशी आजच हलवायच्या की उद्या सकाळपर्यंत थांबायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा मामाची जनावरं अर्धा दिवस आधीच पाहुण्यांच्या गोठ्यात पोचली होती.

एकदा त्यानं मला विचारलं, “पुण्यात बसून तू एवढ्या बातम्या बघतोस, त्यानं तुझं काय हालतंय रं?”

त्याच्या बातमीनं म्हैस हलते. माझ्या बातमीनं?

मी तेव्हा हसून विषय बदलला. नंतर मात्र एका सोमवारी वहीच घेऊन बसलो. उठल्यापासून झोपेपर्यंत मोबाईल, पेपर आणि टीव्ही मिळून नजरेखालून गेलेल्या बातम्या भरल्या ५२. सीमेवरची चकमक, तीन पक्षांतली फोडाफोडी, एका नटाचं लग्न, दोन खून, दरीत गेलेली बस, शेअर बाजार, क्रिकेट. यातल्या एकाच बातमीमुळे मी उठून काहीतरी केलं. पाचव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात दोन ओळी होत्या की गुरुवारी आमच्या भागात पाणी येणार नाही. बुधवारी रात्री पिंप भरून ठेवलं.

५२ पैकी १. शाळेत एवढ्या मार्कांना बाकावर उभं करायचे.

मग उरलेल्या ५१ वाया गेल्या का? असं मानणारे लोक जगभर वाढतायत. ऑक्सफर्डची रॉयटर्स इन्स्टिट्यूट दरवर्षी अनेक देशांत पाहणी करते. ‘कधी कधी किंवा बऱ्याचदा आम्ही बातम्या मुद्दाम टाळतो’ असं सांगणारे २०१७ साली २९ टक्के होते, २०२४ साली ३९ टक्के झाले. मन खचतं, तेच तेच कानावर आदळतं, आणि ऐकूनही हातात काही नसतं, अशी त्यांची तक्रार. तक्रार खोटी नाही. पण त्यावरचा ‘सगळंच बंद करा’ हा उपाय मला पटत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: आपण रोज बघतो त्यातल्या बऱ्याचशा बातम्या सोडल्या तरी चालतील, आणि ज्या सोडून चालणार नाहीत त्या बहुतेक वेळा अतिशय कंटाळवाण्या असतात. घोळ तिथेच आहे.

दुकान कशावर चालतं

आधी धंदा समजून घेऊ. पेपरला आपण पाच-सहा रुपये देतो, पण कागद, शाई, छपाई, पहाटेची गाडी, विक्रेत्याचं कमिशन आणि पगार धरले तर अंक त्याहून महाग पडतो. वरचा खर्च जाहिरात भरून काढते. चॅनेलचं तर जाहिरातीशिवाय पानच हलत नाही. जाहिरातीचा दर ठरतो टीआरपीवर, आणि टीआरपी मोजला जातो देशभरातल्या निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून. त्या घरांतला माणूस किती वेळ जागचा हलला नाही, यावर चॅनेलची चूल पेटते. मोबाईलवरही हिशेब हाच, फक्त बोटाच्या घसरण्यावरून केलेला.

आता विचार करा, ‘गुरुवारी पाणी बंद’ ही बातमी सांगायला किती वेळ लागतो? सहा सेकंद. ती ऐकून माणूस उठतो आणि पिंप भरायला जातो. चॅनेलच्या दृष्टीनं ही सगळ्यात वाईट बातमी. याउलट, एखादे नेते ‘नॉट रिचेबल’ झाले की दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंतची सोय होते. त्यांच्या बंगल्याबाहेर कॅमेरा उभा राहतो, गेट उघडलं, गाडी आत गेली, गाडी बाहेर आली. पट्टीवर प्रश्नचिन्ह: ‘युतीत बिघाडी?’ रात्री ते नेते रिचेबल होतात, म्हणतात, “मी देवदर्शनाला गेलो होतो.” बातमी संपते. आपण चार तास बसून जे मिळवलं ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन परिच्छेदांत मावतं, आणि आठवड्यानं वाचलं तर एका ओळीत.

यात बातमीदारांना शिव्या घालण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या बातमीदाराला मानधन इतकं तुटपुंजं असतं की बऱ्याच ठिकाणी त्यालाच जाहिराती गोळा कराव्या लागतात आणि त्याच्या कमिशनवर घर चालतं. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर रंगीत जाहिरात त्यानं आणली, त्याच पुढाऱ्याच्या पाणीयोजनेतल्या पाइपांची जाडी मोजायला तो कसा जाणार? तरीही काही जण जातात.

भीतीचा हिशेब चुकतो

१२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळलं. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९, अशी २६० माणसं गेली. दोन आठवडे टीव्हीवर तीच दृश्यं फिरत होती. माझ्या एका चुलतभावानं त्या काळात नागपूरचं विमान रद्द केलं आणि रात्रीच्या खासगी बसनं गेला. “जिवावर उदार व्हायचं नाही,” म्हणाला.

आता दुसरा आकडा बघा. २०२२ साली भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. भागाकार केला तर दिवसाला ४६० च्या आसपास. म्हणजे त्या विमानात आणि विमानाखाली जेवढी माणसं गेली, त्याहून कितीतरी जास्त माणसं आपल्या रस्त्यांवर रोज जातात. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजारांवर. पण ती एकेक, दोन-दोन करून वेगवेगळ्या वळणांवर मरतात, म्हणून त्यांच्या वाट्याला ‘दुचाकीस्वार ठार’ एवढा एका कॉलमाचा मथळा येतो. भाऊ विमानाच्या भीतीनं नेमका त्या रस्त्यावर गेला.

मानसशास्त्रात याचं स्पष्टीकरण आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की या दोघांनी १९७३ साली दाखवून दिलं की एखाद्या गोष्टीचा धोका किती, हे ठरवताना माणूस आकडेमोड करत नाही. तशी उदाहरणं किती पटकन आठवतात, यावरून तो अंदाज बांधतो. जुन्या काळी हा अंदाज बरा निघायचा, कारण आठवणीत असायचं ते आपल्या गावात, डोळ्यांदेखत घडलेलं. विहिरीत कोण पडलं, साप कुठे निघतो. आता आठवणीत भरलेलं असतं ते पडद्यावरून आलेलं, आणि पडद्यावर येतं ते मुळात दुर्मीळ म्हणून. रोज घडणारी गोष्ट बातमी होत नाही. त्यामुळे बातम्या बघून जग किती धोक्याचं आहे हे ठरवायला गेलो, तर उत्तर जवळपास उलटं येतं.

याचा त्रास नुसत्या अंदाजापुरता राहत नाही. १५ एप्रिल २०१३ ला अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर दोन ते चार आठवड्यांत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ४,६७५ लोकांची पाहणी केली. स्फोटाच्या जागी किंवा जवळपास हजर असलेल्या लोकांपेक्षाही जास्त मानसिक ताण कुणात सापडला, तर त्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ घरी बसून स्फोटाच्या बातम्या पाहणाऱ्यांत. आधीच घाबरलेली माणसं जास्त बघत असतील, अशी शंका कुणीही घेईल. ती गृहीत धरूनही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. घटनेच्या जागी असलेल्याला स्फोट एकदा दिसला. सोफ्यावरच्याला तो दिवसाला शंभरदा दिसला.

आमच्या आईचं ब्लडप्रेशर कशानं वाढतं ते मला माहीत आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. मी रिमोट लपवला.

घाई आणि कच्ची बातमी

मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी काढलं. सुरुवातीला ते पंधरा दिवसांतून एकदा निघायचं. पंधरा दिवस! आज पंधरा मिनिटं मोबाईल बघितला नाही तर लोकांना चुकल्यासारखं होतं. पण पंधरा दिवसांनी आलेल्या बातमीत एक गुण असतो. तिच्यातलं पाणी तोवर आटलेलं असतं.

जून २०२४ च्या शेवटी ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. महिना १,५०० रुपये, अर्ज १ जुलैपासून, शेवटची तारीख १५ जुलै. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी बातमी ऐकली आणि दोन दिवस खाडा करून दाखल्यांसाठी रांगेत उभ्या राहिल्या. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला. एजंट प्रत्येक कागदाचे वेगळे पैसे मागत होते. त्या रांगेत असतानाच, २ जुलैला, सरकारनं अटी बदलल्या. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. अधिवासाच्या दाखल्याऐवजी १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला चालेल. मावशींचं कार्ड केशरी. दोन दिवसांची मजुरी आणि एजंटाचे पैसे अक्षरशः पाण्यात गेले.

यातून ‘बातमी ऐकूच नये’ असं निघत नाही. मावशींनी ऐकलीच नसती तर महिन्याचे दीड हजार गेले असते. पहिल्या दिवसाची बातमी कच्ची असते, एवढंच निघतं. तिला एक रात्र मुरू द्यावी आणि मग शासन निर्णय, म्हणजे ज्याला सगळे जीआर म्हणतात तो, कुणाकडून तरी वाचून घ्यावा. मे २०२३ मध्ये दोन हजारांच्या नोटा परत घेण्याची घोषणा झाली तेव्हाही हेच झालं. पट्टीवर आलं ‘दोन हजारांची नोट बंद’, आणि काही दुकानदारांनी त्याच रात्री नोट घ्यायचं थांबवलं. रिझर्व्ह बँकेच्या पत्रकात मात्र लिहिलं होतं की नोट कायदेशीर चलन म्हणून चालूच राहील आणि बदलून घ्यायला ३० सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. चार महिने! ज्यानं ती बातमी दुसऱ्या दिवशी दुपारी, चहा पिता पिता वाचली, त्याचं काडीचं नुकसान झालं नाही.

ताज्या बातमीची गरज कुणाला असते, तर ज्याच्या हातात तासांचा हिशेब आहे त्याला. पुराच्या काठावरचा मामा, समुद्रात होडी घालणारा कोळी, गारपिटीनंतरचा द्राक्षवाला. फळपीकविम्यात तर गारपिटीचं नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. हे माणसाला माहीत हवं ते गारपिटीच्या आधी.

आणि कधी कधी ताजी बातमी येते तेव्हा दार आधीच बंद झालेलं असतं. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. ब्रेकिंग न्यूज आली, लोक धावले, आणि शाखेच्या दारात त्यांना कळलं की सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. पुढे मर्यादा हळूहळू वाढवली गेली, पण त्या दिवशी चॅनेल लावून बसलेल्याला आणि न बसलेल्याला सारखेच हजार रुपये. ज्या माहितीचा उपयोग झाला असता ती कित्येक वर्षं पेपरांच्या अर्थविषयक पानांवर अधूनमधून छापून येत होती: बँक बुडाली तर विम्याचं संरक्षण माणशी, दर बँकेमागे फक्त १ लाखाला. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. २०२१ मध्ये कायदा बदलून, असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यावी अशी तरतूद झाली. ही बातमी वाचताना जांभई येते हे मान्य. पण निवृत्तीचे पंधरा लाख एका ठिकाणी ठेवायचे की तीन ठिकाणी, हे तिच्यावर ठरतं. ही खरी म्हैस हलवणारी बातमी.

लांबची बातमी म्हणजे बिनकामाची?

इथवर वाचून कुणाला वाटेल की आपल्या नळाचं, आपल्या बँकेचं, आपल्या रस्त्याचं तेवढं वाचावं, दिल्ली-बंगळूरच्या भानगडी हव्यात कशाला. मामाच्या बाबतीत हे खरं नाही. अलमट्टी धरण कर्नाटकात आहे, आणि त्याची पाणीसाठ्याची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची कर्नाटकची मागणी आहे. कृष्णा पाणीतंटा लवादानं २०१० साली तशी मुभा दिली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अलमट्टीच्या फुगवट्यानं शिरोळ-सांगलीचा पूर वाढतो की नाही, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. मामाच्या गावात मात्र या विषयावर चहाच्या टपरीवर जी चर्चा होते ती ऐकून एखाद्या अभियंत्यानं टिपणं काढावीत. त्यांच्यासाठी दिल्लीतला लवाद हा गावच्या पाणवठ्याइतकाच जवळचा आहे.

तेव्हा अंतर मैलांत मोजू नये. कांदा निर्यातीवरचं शुल्क दिल्लीत ठरतं आणि लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्याच दुपारी जाणवतं. उलट, आपल्याच गल्लीतल्या खुनाचे सगळे तपशील वाचूनही आपल्या जगण्यात काही बदलत नाही.

न वाचणाऱ्याच्या कानात काय जातं

बातम्या सोडलेल्या माणसाभोवती शांतता पसरते, असं सांगणाऱ्यांना आपली माणसं कळलेली नाहीत. रिकाम्या जागेत अफवा शिरते. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८ ला, आठवडी बाजाराच्या दिवशी, तिथे पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, सोलापूरकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्याआधी काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एकावेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

मेसेज आणि बातमी यांत फरक काय, असं एका कॉलेजातल्या मुलीनं मला विचारलं होतं. मी तिला म्हटलं, बातमीखाली कुणाचं तरी नाव असतं. चुकली तर उद्या ‘दिलगिरी’ची चौकट छापावी लागते, कोर्टात जावं लागतं, संपादकाला तोंड द्यावं लागतं. ‘जास्तीत जास्त शेअर करा’ याच्यावर कुणाची सही नसते.

एकट्याला तोटा, सगळ्यांना फायदा

आता अवघड भाग. समजा मी जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प, महापालिकेच्या निविदा, विधानसभेतली प्रश्नोत्तरं, हे सगळं मन लावून वाचलं. त्यानं माझं काय भलं झालं? मत तर एकच. माझ्या एका मतानं आमदार पडत नाही. वाचायला लागलेला वेळ मात्र माझा. अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९५७ साली हा हिशेब मांडला होता: सामान्य माणूस राजकारणाबद्दल अडाणी राहतो ते आळसानं नव्हे. त्याच्या बाजूनं बघितलं तर माहिती मिळवण्याचा खर्च मोठा आणि मोबदला शून्य, म्हणून तो हिशेबानंच अडाणी राहतो. याला आपण हिशेबी अज्ञान म्हणू.

गंमत अशी की सगळ्यांनी हा हिशेब केला की सगळ्यांचंच वाटोळं होतं. गावजेवणाला प्रत्येकानं ‘माझ्या एका तांब्यात काय होतंय’ म्हणून दुधाऐवजी पाणी ओतलं, तर खिरीचं काय होणार?

याचा पुरावा आहे, तोही आपल्या देशातला. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या अर्थतज्ज्ञांनी १९५८ ते १९९२ या काळातला भारतातल्या १६ मोठ्या राज्यांचा अभ्यास केला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. दुष्काळ-पूर आला आणि अन्नधान्याचं उत्पादन घसरलं की कोणतं राज्य सरकार लवकर मदत करतं, हा प्रश्न होता. उत्तर आलं की जिथे वर्तमानपत्रांचा खप जास्त, तिथलं सरकार जास्त हललं. धान्यवाटपही जास्त, मदतीचा खर्चही जास्त. त्यातही परिणाम दिसला तो प्रादेशिक भाषांतल्या पेपरांचा. म्हणजे चावडीवर कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलेला मराठी, मल्याळम, बंगाली पेपर. तो वाचणाऱ्या एकाही माणसाला त्या दिवशी वाटलं नसेल की आपण सरकारवर काही परिणाम करतोय. पण मंत्र्याला ठाऊक असतं की हे लोक वाचतात. तेवढं पुरतं.

अमर्त्य सेन हेच दुसऱ्या बाजूनं सांगतात: जिथे निवडणुका होतात आणि वर्तमानपत्रं मोकळी असतात तिथे मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मरत होती, बातम्यांवर दडपण होतं. त्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’नं रस्त्यावर पडलेल्या माणसांचे फोटो छापले. संपादक इयन स्टीफन्स, स्वतः इंग्रज. त्यानंतर सरकारला प्रकार नाकारणं अवघड झालं. याच्या शेजारी आपला बहात्तरचा दुष्काळ ठेवून बघा. पाऊस सलग हुकला, पिकं गेली, जनावरं गेली. पण खडी फोडायच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं होती. सुकडी (पोषक पिठाचा भुगा) आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन लोकांनी दिवस काढले. हाल झाले, फार झाले. आमची आजी मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करायची. पण तोंड वाकडं करायला ती होती. कामाच्या मागणीसाठी मोर्चे निघत होते, विधानसभेत आवाज उठत होता आणि पेपर ते छापत होते. एकट्या पेपरनं माणसं वाचवली असं मी म्हणणार नाही. सरकारला झाकून ठेवता आलं नाही, एवढं नक्की.

म्हणून माझ्या त्या ५१ बातम्यांतल्या सगळ्याच वाया नव्हत्या. तीन-चार तरी अशा होत्या की त्यांनी माझं काही हललं नाही, पण माझ्यासारखे लाखभर लोक ते वाचतात या धाकानं कुठेतरी एखादी फाईल हलली असेल. फोडाफोडीच्या आणि लग्नाच्या बातम्यांबद्दल मात्र मी असा दावा करणार नाही.

मी काय करतो

सकाळी एक छापील पेपर, वीस मिनिटं. पहिलं पान शेवटी. आधी जिल्ह्याचं पान, मग जाहीर सूचना, मग अर्थविषयक. मोबाईलवरच्या बातम्यांच्या घंट्या बंद, हवामान खात्याची सोडून. रविवारी एखाद्या विषयावरचा मोठा लेख. टीव्हीवर संध्याकाळी सातची बातमीपत्रं आई बघते तेवढीच, अर्ध्या तासात देश-विदेश आटोपतात आणि कुणी ओरडत नाही. चर्चेचा कार्यक्रम मी शेवटचा कधी बघितला ते आठवत नाही. मित्रांत कधी कधी गप्प बसावं लागतं, “अरे, तुला हे माहीतच नाही?” ऐकावं लागतं. दोन दिवसांत तेही विसरलेले असतात.

जाहीर सूचनांचं वेड मला मामानं लावलं. बारीक टाइपात, खचाखच भरलेलं ते पान. अमुक मिळकत आमचे अशील खरेदी करत आहेत, कुणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे. बहिणीचा हिस्सा डावलून भावानं जमीन विकायला काढली, तर बहिणीला कळायची एकुलती एक खिडकी बऱ्याचदा ही असते. भूसंपादनाचंही तसंच. २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्राथमिक अधिसूचना त्या भागातल्या दोन दैनिकांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, आणि हरकत घ्यायला ६० दिवस मिळतात. शक्तिपीठ महामार्गाच्या वेळी २०२४ साली कोल्हापूरकडे जो विरोध उभा राहिला, तेव्हाही पारावर बसून लोक याद्यांत बोट ठेवून आपापला गट नंबर शोधत होते.

मामाची गोष्ट त्याआधीची, एका साध्या रस्त्याची. पेपरात नोटीस आली होती. गावात कुणी वाचली नाही. मामाला ती दिसली तीही उशिरा, घरात भिजलेलं धान्य वाळवायला जुने पेपर पसरले तेव्हा. गट नंबर ओळखीचा वाटला म्हणून त्यानं चष्मा आणला. ६० पैकी ४१ दिवस गेलेले. दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे, मग प्रांताच्या ऑफिसात, हरकतीचा अर्ज, पोच. रस्ता काही सरकला नाही, तो होता तिथूनच गेला. पण मोजणीच्या कागदांत त्याची विहीर नव्हती आणि नऊ नारळही नव्हते. सुनावणीनंतर ते नोंदवले गेले आणि त्यांची भरपाई मिळाली.

ते कात्रण अजून त्याच्या रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. मागच्या बाजूला कुणा नेत्याच्या वाढदिवसाची रंगीत जाहिरात अर्धी कापली गेलीय. कुणाची ते मामाला विचारलं, तर म्हणाला, “बगितलं न्हाई.”